बेळगावच्या अठरा आमदारांना: प्रश्न तुम्ही विचारायचा आहे

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातून कर्नाटक विधानसभेवर गेलेले सर्व अठरा सदस्य

माननीय आमदार बंधू-भगिनींनो,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळी नोकरी सरकारी मराठी शाळांत झाली, त्यातली बरीच वर्षं जंगलाकडच्या गावांत. तुमच्यापैकी कुणाचा मी कार्यकर्ता नाही आणि कुणाशी माझं वैरही नाही. पण ज्या मशीनमधून तुम्ही निवडून येता, ती मशीनं मी जीपमध्ये मांडीवर घेऊन तालुक्याला पोचवलेली आहेत. २००४, २००८, २०१३ आणि २०१८ या चार विधानसभा निवडणुकांत माझी मतदान केंद्रावर ड्युटी होती. तेवढ्या हक्कानं हे पत्र लिहितो आहे.

२०१३ ची गोष्ट सांगतो. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेत पोचलो, रात्री व्हरांड्यात पथारी टाकली, पहाटे उठून एजंटांसमोर मॉक पोल घेतला, मशीन कोरं करून दाखवलं, हिरवी पट्टी लावून सील केलं. मतदान सुरू झालं. नऊच्या सुमारास एक म्हातारी आली. नातवाचा हात धरून आली होती, पण दारात तिनं तो सोडला आणि एकटी आत आली. यादीतलं नाव पुकारलं, बोटाला शाई लागली, रजिस्टरवर अंगठा झाला. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. लांबलचक बीप वाजला. तरी ती तिथंच उभी. मग हळूहळू माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, आवाज आला. म्हणजे तिकडं पोचलं न्हवं?"

मी म्हणालो, "पोचलं, आजी."

तिकडं म्हणजे कुठं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रांग मोठी होती. पण तिनं निरोप पाठवला होता आणि तो पोचला अशी हमी मी दिली होती, हे मला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. त्या गावातून आजारी माणूस पावसाळ्यात बाहेर काढायचा म्हणजे खाटेला बांबू बांधून चार माणसांनी खांद्यावर घ्यायचं. ओढ्याला पाणी असलं की थांबायचं, उतरलं की चालायचं. आमची जीप मात्र शाळेच्या दारापर्यंत गेली होती. कारण तो मे महिना होता. २००४ ला एप्रिल होता, २००८, २०१३, २०१८, २०२३ ला मे. दर वेळी उन्हाळाच. प्रचाराच्या गाड्या, अधिकारी, पोलीस, उमेदवार, सगळ्यांनी ही गावं पाहिली ती ओढे कोरडे असताना. जुलैतलं गाव मतदान घेणाऱ्यानं पाहिलेलं नाही, मत मागणाऱ्यानंही पाहिलेलं नाही. ते सभागृहात कुणीतरी सांगावं लागतं. त्या कामासाठीच तर आम्ही माणूस पाठवतो.

विधानसभेच्या २२४ जागांपैकी अठरा आपल्या जिल्ह्यात आहेत. बेंगळूर शहर जिल्हा सोडला तर एवढ्या जागा दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नाहीत. निप्पाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाडपासून खाली सौंदत्ती, रामदुर्गपर्यंत. २०१९ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी जे सतरा आमदार अपात्र ठरवले, त्यातले तीन आपल्या जिल्ह्यातले होते, गोकाक, अथणी आणि कागवाडचे. त्या वेळी सरकार पडलं आणि डिसेंबरात तिन्ही ठिकाणी पोटनिवडणूक झाली. त्यात कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. एवढंच म्हणतो की ज्या जिल्ह्याच्या आमदारांमुळे बेंगळूरची खुर्ची हलते, त्या जिल्ह्यातल्या शाळेला एक शिक्षक मिळत नाही, हे मला पटत नाही.

शिक्षकाचं उदाहरण घेतलं ते मुद्दाम. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्या शाळेत होतो तिथं सात वर्ग होते आणि आम्ही दोघे मराठीचे शिक्षक. एक जण निवृत्त झाला आणि ती जागा भरली नाही. अतिथी शिक्षक यायचा तोही जून-जुलै उलटून गेल्यावर. एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास व व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि मी अर्ज घेऊन त्या वेळच्या आमदारांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, अर्ज नीट वाचला, माणूस वाईट नव्हता. महिन्याभरात शाळेपुढं पत्र्याचं शेड उभं राहिलं. त्यावर त्यांचं नाव आणि निधीचा उल्लेख असलेली पाटी. गावानं हार घातला. मीही टाळ्या वाजवल्या, कारण पावसात पोरांना जेवायला जागा झाली होती. पण आम्ही मागितला होता शिक्षक.

नंतर मला उमगलं की ते शेड देऊ शकत होते म्हणून त्यांनी शेड दिलं. आमदार निधीतून पत्रे येतात, गटार येतं, मंदिराचा सभामंडप येतो. त्यातून शिक्षकाची जागा भरत नाही. जागा किती, कुठल्या माध्यमाच्या, कधी भरायच्या, हे राज्य सरकार ठरवतं. आणि राज्य सरकारला त्याबद्दल उभं करून विचारायची जागा एकच, विधानसभा. तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित टाकला तर लेखी उत्तर मिळतं, आकड्यांसकट. लक्षवेधी आहे, शून्य प्रहर आहे. मंत्री "करतो" म्हणाले तर ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं आणि ते पाळलं की नाही हे पाहायला सभागृहाची आश्वासन समिती आहे. लोकांचे अर्ज थेट सभागृहापुढं नेणारी अर्ज समिती आहे. एवढी अवजारं हाताशी असताना आपण पत्र्याच्या शेडवर का थांबतो?

यात दोष आमचाही आहे, तो आधी कबूल करतो. आम्ही तुम्हाला लग्नाला बोलावतो, बारशाला बोलावतो, जत्रेत पहिला नारळ तुमच्या हातून फोडतो. तुम्ही आला नाहीत तर रुसतो. दवाखान्यात बेड मिळवून द्या, बदली थांबवा, पोलिसांना फोन करा, हे सगळं आम्हीच सांगतो. पाच वर्षांत तुम्ही सभागृहात किती प्रश्न विचारले, हे तुम्हाला एकदाही कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. शाळेत चौथी-पाचवीला नागरिकशास्त्र शिकवताना "आमदार कायदे करतात" एवढं एक वाक्य फळ्यावर लिहून मी पुढं गेलेला माणूस आहे. आता वाटतं, तिथं थांबायला हवं होतं.

आता तुम्ही काय म्हणाल, तेही मला थोडंफार ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, पक्षाचा व्हिप असतो. १९८५ पासून पक्षांतराचा कायदा आहे, मान्य. पण तो पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा पक्ष सोडला तर लागू होतो. खानापूर तालुक्यात मराठी शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, असं विचारल्यानं कुणाचं सदस्यत्व गेल्याचं मी ऐकलेलं नाही. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी तुम्हाला कोर्टात खेचता येत नाही, हे संरक्षण घटनेच्या १९४ व्या कलमानं दिलं आहे. ते कुणासाठी दिलं? ज्याला गावात तोंड उघडायची भीती वाटते, त्याच्या वतीनं बोलता यावं म्हणून.

कुणी भाषेचं सांगेल. मला कन्नड येतं. मी पोरांना कन्नड शिकवलं आहे, आणि आनंदानं शिकवलं आहे. माझे चांगले शिष्य आज धारवाडला कन्नडमध्ये कामं करतात. तेव्हा मराठीत भाषण ठोका असं मी म्हणत नाही. घटनेच्या २१० व्या कलमात सोय आहे, ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषांत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. ज्याला गरज असेल त्यानं ती मागावी, त्यात लाज नाही. पण प्रश्न कन्नडमध्ये विचारलात तरी मला तेवढंच समाधान आहे. प्रश्न आमचा असला म्हणजे झालं. विधानसभेत तुम्ही मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून बसता. त्यात ज्यांनी तुम्हाला मत दिलं ते आले, ज्यांनी दिलं नाही तेही आले, मराठी आले, कन्नड आले, उर्दू बोलणारे आले.

आणि कुणी म्हणेल, हा सीमाप्रश्न आहे, तो कोर्टात आहे. होय, महाराष्ट्र सरकारनं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याआधी सीमावादावरचा महाजन आयोग झाला, १९६७ चा त्याचा अहवाल झाला, १९५६ चे हुतात्मे झाले. दर १७ जानेवारीला मी हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो आणि अंगात बळ आहे तोवर जाणार. लागेल तो निकाल लागेल. पण २००४ ला जी पोरं माझ्याकडे पहिलीत होती ती आज बाप झालेली आहेत. त्यांचं सगळं शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, घराचा उतारा, सगळं या वीस वर्षांत झालं. निकालाची वाट बघताना त्यांचा आमदार तुम्हीच होता. दावा प्रलंबित आहे म्हणून प्रतिनिधित्वही प्रलंबित ठेवा, असं कुठल्या कोर्टानं सांगितलं आहे?

इथं माझ्या स्वतःच्या माणसांनाही दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. देशाचं लक्ष वेधायचं म्हणून आपण ते केलं आणि देशाचं लक्ष वेधलंही. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजार झाली. आपला प्रश्न मात्र होता तिथंच राहिला. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूरमधून महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार गेले. २०१८ ला समितीचेच दोन गट समोरासमोर उभे राहिले आणि एकही जागा आली नाही, २०२३ लाही नाही. त्या २०१८ च्या निकालाच्या रात्री मला रडू आलं होतं. कोण हरलं याचं नव्हतं ते. सभागृहात आपलं नाव काढणारं कुणी उरलं नाही, याचं होतं. म्हणून आज मी हे पत्र समितीच्या नेत्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. जे आत आहेत त्यांनीच बोलायचं.

तुमच्याशिवाय दुसरं कुणी आहे का, तेही पाहिलं. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबत राहिल्या. म्हणजे मधला दुवाच गळाला. ग्राम पंचायतीचा सदस्य आणि तुम्ही, मध्ये फक्त अधिकारी. विधान परिषदेत स्थानिक संस्थांमधून आपल्या जिल्ह्याचे दोन सदस्य जातात, पण त्यांना निवडतात पंचायतींचे आणि नगरपालिकांचे सदस्य, मी नाही. शिक्षक मतदारसंघ आहे, तर तिथं मत माध्यमिकच्या आणि वरच्या शिक्षकांना. जन्मभर पहिलीच्या पोरांना ग म भ न गिरवायला शिकवणाऱ्या माणसाला तिथं मत नाही. माझ्या बोटाला शाई लागते ती तुमच्यासाठी.

आता प्रश्न कुठले, ते सांगतो. माझ्या डोक्यात दोनच आहेत, पण ते पक्के आहेत.

पहिला शाळेचा. शाळेत एखाद्या भाषेची चाळीस किंवा वर्गात दहा मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा, हे सूत्र १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेलं आहे. १९५६ ला सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ हे कलम आलं, त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं. मग बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी मराठी शाळेत पट किती, मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि रिकामी जागा कोणत्या तारखेपासून? शाळानिहाय द्या, असं विचारा. तालुक्याची सरासरी मागू नका. सरासरीत एका शिक्षकाची शाळा लपते.

दुसरा कागदांचा. १९५६ च्याच सुरक्षा-तरतुदींत होतं की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथं सरकारच्या महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. मग खानापूर, बेळगाव, निप्पाणी भागात कुठल्या कचेरीत कुठला कागद मराठीत मिळतो, कुठला मिळत नाही, आणि का? माझ्या शेजारच्या बाईला जमिनीबद्दल नोटीस आली. ती कन्नडमध्ये होती आणि हरकत घ्यायला मुदत होती. ती कागद पदरात बांधून पंधरा दिवस मुलाची वाट बघत बसली. मुलगा पुण्याला कामाला. माझ्याकडे आली तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही. घडी पुन्हा तशीच घातली आणि पदराला गाठ मारली. हालगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांनी पिकाच्या जमिनी वाचवायला किती वर्षं झगडा केला, तो तुम्ही जवळून पाहिला आहे. ते रस्त्यावर एकत्र उतरू शकले. ही बाई एकटी होती.

डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खं सरकार आपल्या दारात येतं. हालगा-बस्तवाडजवळची सुवर्ण विधानसौध ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उघडली, तेव्हा उत्तर कर्नाटकाचे प्रश्न इथं सुटतील असं सांगितलं होतं. त्या दहा-बारा दिवसांत ऊस उत्पादक येतात, अंगणवाडीच्या बायका येतात, अतिथी शिक्षक येतात आणि मांडवात सतरंजीवर बसतात. मीही एक वर्ष अतिथी शिक्षकांसोबत बसलो होतो. पोलिसांच्या कड्यामुळे इमारत लांबूनच दिसते. संध्याकाळी दिवे लागले की ती फार सुंदर दिसते, खरंच. त्या वर्षी एक मंत्री मांडवात आले, निवेदन घेतलं, फोटो झाला. बाहेरच्या मांडवात दिलेल्या शब्दाची कुठं नोंद होत नाही. तोच शब्द आत, सभागृहात घेतला असता तर आश्वासन समितीच्या कागदावर चढला असता. मांडवापासून सभागृहापर्यंत चालत फार तर अर्धा तास. आम्हाला तो रस्ता बंद असतो. तुम्हाला नसतो.

तर माझी विनंती अशी. येत्या हिवाळी अधिवेशनासाठी अठरापैकी प्रत्येकानं वरच्या दोनांतला एक प्रश्न मुदतीत दाखल करावा. एकच प्रश्न अठरा जणांनी विचारला तरी चालेल, उलट बरंच होईल. सत्तेतल्या आमदारानंही विचारावा. स्वतःच्या मंत्र्याला प्रश्न विचारणं म्हणजे बंड नव्हे. उत्तर मिळालं की ते मराठीत करून घ्यायचं काम माझं. मी आणि माझे तीन निवृत्त सहकारी, आम्ही चौघं ते विनामूल्य करून देऊ, कन्नड आम्हाला चांगलं येतं. मग तुम्ही ग्रामसभेला या आणि ते उत्तर स्वतः वाचून दाखवा. उत्तर "जागा रिकामी आहे, भरलेली नाही" एवढंच असलं तरी वाचा. गाव तुमच्यावर चिडणार नाही. उलट पुढच्या वेळी काय विचारायचं ते गावच तुम्हाला सांगेल.

आणि जमलं तर एकदा जुलैत या. अभयारण्याकडच्या गावांना जायचं असेल तर गाडी जिथवर जाईल तिथवर न्या, पुढं मी वाट दाखवतो. ओढ्याला पाणी असेल तर थांबू.

वाचून झाल्यावर उत्तराचा कागद ग्राम पंचायतीच्या फलकावर लावायचा आहे. आमच्या फलकाची काच दोन पावसाळ्यांपासून फुटलेली आहे, कागद भिजतो. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना विचारून ती मी या आठवड्यात बसवून घेतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव